मेघगर्जनेचा संभव

हवामान खात्याच्या निवेदनांतील ज्या एका शब्दाची आपल्याकडे सर्वांत अधिक थट्टा होत आली आहे, तो शब्द ‘संभव’ हा होय. ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस पडण्याचा संभव आहे’ हे वाक्य कानी पडले की ऐकणारा हसून म्हणतो, “म्हणजे पडला तर पडेल, नाही तर नाही! हे सांगायला खाते कशाला हवे?” ही थट्टा वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु तिच्या पोटी एक गैरसमज आहे, आणि त्याची किंमत कधी कधी प्राणांनी मोजावी लागते. वसंताच्या अखेरीस येणाऱ्या गडगडाटी वादळांविषयी खरेपणाने बोलावयाचे तर ‘संभव’ हाच शब्द वापरावा लागतो. मात्र तो कसा ऐकावा हे ऐकणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे. एवढीच गोष्ट आज मला आपल्यापुढे मांडावयाची आहे.

त्यासाठी आपणांस काही वेळ आपला मुलूख सोडून अमेरिकेतील विस्तीर्ण मैदानांत जावे लागेल. टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सास, नेब्रास्का आणि त्यांच्या उत्तरेस दोन्ही डाकोटा असा हा पट्टा आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत येथे जशी प्रचंड वादळे उठतात, तशी पृथ्वीच्या पाठीवर फार थोड्या ठिकाणी उठत असतील. शिवाय या वादळांचे भाकित करावे की करू नये, केल्यास कोणत्या शब्दांत करावे, याविषयी तेथे सव्वाशेहून अधिक वर्षे जो झगडा चालला, त्याचा इतिहासही लिहून ठेवलेला आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासातच सापडते.

प्रथम ती भूमी कशी आहे ते पाहू. पश्चिमेस रॉकी पर्वताची उंच भिंत. तिच्या पायथ्याशी जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच असते, आणि तेथून ती पूर्वेकडे हळूहळू उतरत जाते. दक्षिणेस मेक्सिकोचे आखात, म्हणजे कोमट पाण्याचा मोठा साठा. उत्तरेस कॅनडापर्यंत आडवा डोंगर असा नाहीच. त्यामुळे आखातावरील दमट हवा उत्तरेकडे सहज शिरते, कॅनडाकडील थंड हवा दक्षिणेकडे सहज उतरते, आणि नैऋत्येकडील मेक्सिकोच्या व न्यू मेक्सिकोच्या पठारांवरून तापलेली कोरडी हवा येते ती निराळीच. वसंताच्या अखेरीस या तिन्ही हवा या मैदानांवर एकत्र येतात.

आता गडगडाटी वादळ कसे होते ते पाहावयाचे. त्याला तीन गोष्टी लागतात: खालच्या थरांत भरपूर बाष्प, वर चढणारी हवा चढतच राहील अशी वातावरणाची अस्थिर स्थिती, आणि त्या हवेला पहिला धक्का देऊन वर उचलणारे काहीतरी निमित्त. बाष्प हे या वादळाचे इंधन होय. एक ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे सहाशे कॅलरी उष्णता मोकळी होते. दमट हवा वर चढली की ती थंड होते, तिच्यातील बाष्पाचे थेंब बनतात, आणि त्या वेळी मोकळी झालेली उष्णता त्या हवेलाच ऊब देते. भोवतालच्या हवेपेक्षा ती उबदार राहिली की आणखी वर चढते. अशा रीतीने मेघाचा मनोरा दहा-पंधरा किलोमीटर उंच जातो. तेथे हिमकण आणि लहान गारा एकमेकांवर आदळून विद्युद्भार विभागला जातो, आणि वीज चमकते.

इतके सोपे असते तर दमट हवेच्या प्रत्येक दिवशी वादळ व्हावयास हवे होते. तसे होत नाही, याचे कारण झाकण. पठारावरून आलेली तापलेली कोरडी हवा आखाताकडून आलेल्या दमट थरावर पसरते. खालची हवा वर चढू पाहते, तो तिला वर आपल्याहून उष्ण असा थर आढळतो आणि तिची चढण तेथेच अडते. चुलीवरच्या पातेल्यावर घट्ट झाकण बसवावे तसा हा प्रकार आहे. सकाळपासून ऊन तापते, बाष्प वाढते, पण वाफेला वाट मिळत नाही. झाकण फारच घट्ट असेल तर संध्याकाळ होते, ऊन उतरते, आणि आभाळ निरभ्रच्या निरभ्र राहते. झाकण सैल असेल तर सकाळीच किरकोळ ढग होऊन शक्ती वाया जाते. परंतु झाकण दुपारपर्यंत टिकले आणि चारच्या सुमारास एखाद्या ठिकाणी फुटले, तर दिवसभर साठलेली सारी शक्ती त्या एका छिद्रातून उसळते, आणि अर्ध्या-पाऊण तासात स्वच्छ आकाशाचे काळेकुट्ट आकाश होते.

हे झाकण बहुधा कोठे फुटते? पश्चिम टेक्सास आणि पश्चिम ओक्लाहोमाच्या भागांत दमट हवा आणि कोरडी हवा यांची एक सीमारेषा असते. तिला आपण ‘शुष्करेषा’ म्हणू. काही थोड्या किलोमीटरच्या अंतरात, अंगाला चिकटणाऱ्या दमट हवेतून मनुष्य ओठ फुटतील अशा कोरड्या हवेत जातो. ही रेषा दिवसा पूर्वेकडे सरकते आणि रात्री पश्चिमेकडे परतते. तिच्यालगत हवा उचलली जाते, आणि पहिले मेघ पुष्कळदा तेथेच उभे राहतात. याच्या जोडीला वाऱ्याचे एक वैशिष्ट्य आहे. जमिनीलगतचा वारा आग्नेयेकडून वाहतो, तर दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून अतिवेगवान प्रवाह धावत असतो. उंचीप्रमाणे वाऱ्याची दिशा आणि वेग असे बदलले की चढणाऱ्या हवेला पीळ बसतो आणि सबंध मेघच स्वतःभोवती फिरू लागतो. असा फिरता मेघ कित्येक तास जगतो. मोठमोठ्या गारा, झंझावात आणि ‘टोर्नेडो’ नावाची ती भयंकर वावटळ बहुधा त्याच्याच पोटातून येते. गारांविषयी एकच गोष्ट सांगतो. दक्षिण डाकोटातील व्हिव्हियन या गावी २३ जुलै २०१० रोजी पडलेल्या एका गारेचा व्यास वीस सेंटीमीटर भरला आणि वजन पाऊण किलोहून अधिक होते. एवढा गोळा आकाशात तोलून धरणारा वारा किती जोराचा असेल, याची कल्पना करावी.

आता ज्योतिष्याच्या नव्हे, शास्त्रज्ञाच्या अडचणीकडे वळू. दिवस वादळाला अनुकूल आहे, हे त्याला आदल्या दिवशीही बऱ्याच खात्रीने सांगता येते. बाष्प किती आहे, झाकण किती घट्ट आहे, वरचा वारा कसा आहे, हे त्याला बलून सोडून मोजता येते, उपग्रहाच्या चित्रांत दिसते, गणकयंत्रांवर मांडता येते. परंतु झाकण नेमके कोणत्या गावावर फुटेल, हे तापमानातील एखाद-दुसऱ्या अंशावर अवलंबून असते. सकाळचे ढग तासभर अधिक रेंगाळले, तर ऊन कमी पडते आणि झाकण फुटतच नाही. म्हणजे साऱ्या प्रदेशाविषयीचे ज्ञान चांगले असूनही एकेका गावाविषयीची अनिश्चितता राहतेच. पातेल्यातले पाणी उकळणार हे सांगता येते. पहिला बुडबुडा तळाच्या कोणत्या बिंदूवर उठेल हे सांगता येत नाही. ही अनिश्चितता दडवून ‘पाऊस पडेल’ किंवा ‘पडणार नाही’ असे ठणकावून सांगणे म्हणजे ऐकणाऱ्याची फसवणूक होईल.

अशी फसवणूक न करता अंदाज कसा सांगावा, आणि तो बरोबर ठरला की चूक हे कसे मोजावे, हा प्रश्न अमेरिकेत प्रथम तीव्रतेने उभा राहिला तो १८८४ साली. तेथील सैन्याच्या सिग्नल विभागात जॉन फिन्ले नावाचा एक उद्योगी गृहस्थ होता. त्याने त्या वर्षीच्या वसंतात देशाचे विभाग पाडून ‘आज येथे टोर्नेडोला अनुकूल स्थिती आहे’ किंवा ‘नाही’ असे रोज सांगावयास सुरुवात केली. एकूण २८०३ भाकिते झाली, आणि त्यांपैकी शेकडा ९६.६ बरोबर ठरली असा त्याने दावा केला. हे ऐकून कोणाचेही डोळे दिपतील. परंतु ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने त्याच आकड्यांकडे बारकाईने पाहिले. फिन्लेने शंभर वेळा ‘टोर्नेडो’ म्हटले होते. त्यांपैकी २८ वेळा तो झाला आणि ७२ वेळा झाला नाही. उलट २३ वेळा त्याने ‘नाही’ म्हटले असता तो आला. बाकीच्या २६८० वेळा त्याने ‘नाही’ म्हटले आणि तो आला नाही. गिल्बर्टने दाखवून दिले की, फिन्लेने डोळे मिटून दररोज ‘नाही’ एवढेच म्हटले असते, तर त्याची भाकिते शेकडा ९८.२ बरोबर ठरली असती!

या गोष्टीतील बोध फार मोलाचा आहे. जी आपत्ती क्वचित येते तिच्याबाबत ‘येणार नाही’ म्हणणारा मनुष्य जवळजवळ नेहमीच बरोबर ठरतो, आणि तरीही त्याचा कोणाला काडीचा उपयोग नसतो. फिन्लेची शंभर भाकिते ७२ वेळा फसली खरी. पण जी २८ साधली, त्यांच्यातच त्याच्या साऱ्या उद्योगाचे मोल होते. अंदाज किती वेळा चुकला एवढेच मोजून भागत नाही. गरज पडली त्या दिवशी तो आपल्या हाती होता की नव्हता, हेही मोजावे लागते.

परंतु हा बोध त्या काळी कोणी घेतला नाही. त्याच दशकाच्या उत्तरार्धात सरकारी भाकितांत ‘टोर्नेडो’ हा शब्द वापरावयाचाच नाही, असे ठरले. लोक घाबरून धावपळ करतील आणि वादळापेक्षा तिनेच अधिक हानी होईल, अशी अधिकाऱ्यांची समजूत होती. ही बंदी १९३८ सालापर्यंत चालली, आणि तिच्यामागची भीती त्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकून राहिली. ९ एप्रिल १९४७ च्या रात्री ओक्लाहोमातील वुडवर्ड या गावावर टोर्नेडो चालून आला, तेव्हा गावाला कसलीही पूर्वसूचना नव्हती. एकट्या त्या गावात शंभरांहून अधिक माणसे मेली. माणसे घाबरू नयेत म्हणून शब्द झाकून ठेवला. पण शब्द झाकल्याने वादळ अडले नाही.

पुढच्याच वर्षी परिस्थितीला वळण मिळाले. २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर विमानतळावर टोर्नेडोने लष्करी विमानांची धूळधाण केली. अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या तेथील दोन हवामान-अधिकाऱ्यांना, असा दिवस आधी ओळखता येईल काय, ते शोधण्याची आज्ञा झाली. त्यांनी जुन्या टोर्नेडोंच्या दिवसांचे नकाशे पुढे ओढून त्यांतील समान लक्षणे टिपली. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, तीच लक्षणे त्यांना नकाशावर पुन्हा दिसली. धीर करून त्यांनी दुपारी इशारा दिला, विमाने सुरक्षित करण्यात आली, आणि त्याच संध्याकाळी त्याच विमानतळावर दुसरा टोर्नेडो आला. त्याच जागी तो यावा हा योगायोगच होता. परंतु लक्षणे खरी होती. १९५० साली हवामान खात्याच्या प्रमुखांनी आपल्या शाखांना कळविले की, हा शब्द वापरावयास बंदी नाही. आणि १९५२ पासून सर्वसामान्य जनतेसाठी असे अंदाज निघू लागले.

तेव्हापासून तेथे दोन पायऱ्यांची पद्धत रूढ झाली आहे. पहिली पायरी सावधगिरीची: परिस्थिती अनुकूल आहे, पुढचे काही तास कान उघडे ठेवा. दुसरी इशाऱ्याची: वादळ रडारवर दिसले आहे किंवा कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे, आता आसरा घ्या. पहिलीत तासांचा अवकाश असतो, दुसरीत मिनिटांचा. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून पावसाचा संभव शेकडेवारीतही सांगितला जाऊ लागला. ‘पावसाची शक्यता तीस टक्के’ याचा अर्थ तीस टक्के प्रदेशावर किंवा दिवसाचा तीस टक्के वेळ पाऊस पडेल असा नाही. ज्या दहा दिवशी असा अंदाज दिला, त्यांपैकी साधारण तीन दिवशी तुम्ही उभे आहात त्या ठिकाणी मोजण्याइतका पाऊस पडेल, असा तो अर्थ आहे. म्हणून एखाद्या दिवशी पाऊस आला नाही एवढ्यावरून अंदाज खोटा ठरत नाही. दहापैकी सात दिवस तो येणारच नव्हता. असे पुष्कळ दिवस जमेस धरूनच अंदाजाची पारख करता येते.

यात किती मोठी गोष्ट पणाला लागलेली असते, हे एकाच तारखेच्या दोन दिवसांवरून ध्यानात येईल. २० मे २०१३ रोजी ओक्लाहोमासाठी धोक्याची पातळी सर्वोच्च पातळीच्या एक पायरी खाली ठेवलेली होती. दुपारी मूर या शहरावर अतितीव्र टोर्नेडो चालून आला आणि २४ माणसे मेली. त्यांत एका शाळेतील सात मुले होती. वावटळ जमिनीला टेकण्यापूर्वी सुमारे सोळा मिनिटे इशारा निघाला होता, म्हणूनच कित्येकांचे प्राण वाचले. बरोबर सहा वर्षांनी, २० मे २०१९ रोजी, त्याच राज्यासाठी सर्वोच्च पातळी जाहीर झाली. अनेक शाळांनी सुट्टी दिली. टोर्नेडो झाले, पूर आले, परंतु ज्या संहाराची भीती होती तो झाला नाही. पुष्कळांनी म्हटले, “उगाच घाबरविले.”

खरोखरच उगाच का? त्या दिवशी टोर्नेडोचा संभव काही भागासाठी ४५ टक्के सांगितला होता. हा आकडा कोणाच्याही एका घराविषयी नसतो. एखाद्या ठिकाणापासून सुमारे चाळीस किलोमीटरच्या आत टोर्नेडो होण्याविषयी तो असतो. चाळीस किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे पाच हजार चौरस किलोमीटर, आपल्या पुणे जिल्ह्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. त्यात वावटळीची वाट बहुधा काही शे मीटर रुंद असते. म्हणून अत्यंत धोक्याच्या दिवशीही बहुसंख्य घरांना ‘काहीच झाले नाही’ असाच अनुभव येतो. आणि आकडा ४५ होता, याचाच अर्थ न होण्याची बाजू ५५ होती.

मग एवढ्या संभवावर शाळा बंद ठेवाव्यात काय? या प्रश्नाचे उत्तर आकाश देत नाही. ते आपल्या हिशेबातून येते. समजा, नाशिककडील एका शेतकऱ्याचा उन्हाळी कांदा काढून शेतात पडला आहे. ताडपत्री आणि मजुरी यांना हजार रुपये पडतात. न झाकलेला कांदा भिजला तर दहा हजारांचे नुकसान होते. या माणसाने पावसाचा संभव दहा टक्क्यांच्या वर गेला की कांदा झाकावा. दर वेळी पाऊस आला नाही तरी वर्षाकाठी तो नफ्यातच राहील. त्याच संध्याकाळी जो फिरावयास निघाला आहे त्याला भिजण्याची तितकी क्षिती नाही. तो पन्नास टक्क्यांनाही छत्री घेणार नाही, आणि त्याचेही बरोबरच आहे. आकडा एकच, पण निर्णय दोन. जेथे तराजूच्या एका पारड्यात थोडी गैरसोय आणि दुसऱ्या पारड्यात मुलांचे प्राण असतात, तेथे लहानसा आकडाही पुरेसा ठरतो.

आता आपल्या वळवाकडे येऊ. आपल्याकडे रॉकी पर्वत नाही आणि टोर्नेडोही अगदी क्वचित. परंतु वळीव तयार होतो तो त्याच तीन गोष्टींतून. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भापासून दक्षिणेकडे कर्नाटकाच्या अंतर्भागापर्यंत पुष्कळदा एक वाऱ्यांची सीमारेषा असते. तिच्या एका अंगाने बंगालच्या उपसागराकडील दमट वारे येतात, दुसऱ्या अंगाने वायव्येकडील कोरडे. दुपारभर जमीन तापते, आणि तिसऱ्या प्रहरी मेघ उसळतात. म्हणूनच वळीव एका शिवारात पाणी वाहवतो आणि बांधापलीकडे नुसती धूळ उडवतो. आपल्या हवामान खात्याचे शब्दही वाटतात तितके मोघम नाहीत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील फार तर पाव केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते अर्ध्या, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे अर्ध्या ते पाऊण, आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहूनही अधिक. पाऊस किती विस्तारावर पडेल, हे हे शब्द सांगतात. सूचनेच्या रंगांनाही अर्थ आहे: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा.

आपल्याकडे खरा घातक आहे तो विजेचा लोळ. भारतात वीज पडून वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांत शेतात राबणारी, गुरे राखणारी आणि पाऊस आला म्हणून झाडाखाली उभी राहिलेली माणसे पुष्कळ असतात. ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जना’ या शब्दांवर हसून जो रानात गेला, त्याला त्या शब्दांतून घ्यावयाचे होते ते एवढेच: दुपारनंतर आकाशाकडे लक्ष ठेवावे, आणि पक्के घर कोणत्या बाजूस आहे ते मनाशी ठरवून ठेवावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनाने भागले की ती किती किलोमीटरवर पडली ते कळते. परंतु गडगडाट कानी आला, म्हणजे आपण तिच्या टप्प्यात आहोत, हाच सोपा नियम समजावा. झाड, विजेचा खांब आणि पाण्याचा काठ टाळावा; पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे; शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपास पडणाऱ्या विजेची सूचना मोबाईलवर देते. पण ती सूचना पाहून कोणी जागचे हललेच नाही, तर तिचा उपयोग काय?

हवामानाचे भाकित अधिक अचूक व्हावे म्हणून शास्त्रज्ञ झटत आहेत, आणि ते दर दशकात अधिक अचूक होतही आहे. तरीही वसंताच्या वादळाबाबत थोडासा ‘संभव’ नेहमीच शिल्लक राहील. त्या मेघांचा स्वभावच तसा आहे. तेव्हा पुढच्या वेळी हा शब्द कानी पडला, की ‘पाऊस नक्की पडणार का?’ असे विचारण्यापूर्वी, ‘पडलाच तर माझे काय पणाला लागले आहे?’ असे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हवामान खात्याला पूर्णपणे देता येणार नाही. दुसऱ्याचे उत्तर आपल्याखेरीज कोणालाच देता येणार नाही.